आतला एक

श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे. हे दिल्लीत कुणालाही पटवून देता येत नाही, आणि मी तो नाद केव्हाच सोडला. तर त्या बेलापूर स्टेशनवर, नाताळ होऊन चार दिवस झाले होते तेव्हा, मी दिल्लीच्या गाडीत चढले. त्याला आता चौदा वर्षं झाली. हातात आईनं दिलेला करंज्या-चिवड्याचा डबा होता, कारण आमच्याकडे फराळ दिवाळीइतकाच नाताळालाही होतो. नवरा, विनय, आधीच पुढे जाऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरचा ताबा घेऊन बसला होता. फोनवर रोज सांगायचा, "पाणी सकाळी दोन तास येतं, पण येतं." त्याच्या मते ही आनंदाची बातमी होती.

गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. त्यातलं एक मिनिट पप्पांनी प्रार्थनेला दिलं. डोळे मिटून, खिडकीच्या गजाला धरून. आईचं लक्ष प्रार्थनेपेक्षा सिग्नलकडे जास्त होतं. आमेन म्हणून झाल्यावर पप्पांनी डोळे पुसले नाहीत, नुसता चष्मा काढून पुन्हा घातला आणि म्हणाले, "एस्तू, लक्षात ठेव. अडलं तर सोडून पुढे जा. वेळ उरला तर परत ये."

माझ्याबरोबर श्रीरामपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे वाक्य पाठ असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे वडील त्याच शाळेत तीस वर्षं चौथीच्या स्कॉलरशिपचा वर्ग घ्यायचे. सकाळी साडेसातचे जादा तास, टेबलावर गजराचं घड्याळ, आणि शाळेच्या व्हरांड्यात शिष्यवृत्तीधारकांच्या नावांचा निळा फलक. तो फलक दरवर्षी लांब होत गेला, शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारापर्यंत पोचला. पप्पांच्या वर्गाचा कायदा एकच: प्रश्न अडला की त्याच्याशी कुस्ती खेळत बसायचं नाही. सोडायचा, पुढचे सोपे उरकायचे, वेळ उरला तर परत यायचं. पोरीला परमुलखात पाठवताना बापाला दुसरं काही सुचलं नाही, परीक्षेचाच नियम सुचला. मला तेव्हा हसू आलं होतं. मनमाड येईपर्यंत हसू गेलं आणि मी करंजीचा डबा मांडीवर घेऊन रडले. समोरच्या बाई म्हणाल्या, "रो लो बेटा, भोपाळ तक ठीक हो जाएगा." भोपाळपर्यंत खरंच ठीक झालं.

दिल्लीत मी तो नियम इमानेइतबारे पाळला. हिंदी अडली, सोडली, हातवारे केले. भाजीवाल्याकडं गवार मिळाली नाही, भेंडी घेतली. थंडी अडली तेव्हा मात्र सोडून जायला जागा नव्हती. पहिल्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर घालून झोपायचे आणि विनय मला म्हणायचा, "यार, तू खरा हिवाळा बघितलाच नाहीस कधी." हळूहळू जम बसला. नेहा झाली. डी.एड. होतंच, बी.ए. बाहेरून करून ठेवलं होतं, इथं बी.एड. केलं आणि क्वार्टरपासून चालत जाता येईल अशा एका खाजगी शाळेत लागले. घरात मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि नेहाशी तिन्हीची भेळ. तिला "उंबरा" माहीत नाही, कारण क्वार्टरला उंबरा नाही. मी किती वेळा सांगू?

शाळेत माझं बरं चाललं होतं. मग एका पालक सभेला एक गृहस्थ फाइल घेऊन आले. मुलीचा बुद्ध्यंक तपासून घेतला होता आणि तो कागद लॅमिनेट केला होता. म्हणाले, "मैडम, बच्ची गिफ्टेड है. आप इसके लिए क्या कर रही हैं?" मी म्हटलं, जास्तीची गणितं देते. ते फार सभ्य माणूस होते. "जी, उनसे तो वो और बोर होती है," एवढंच म्हणाले. मी घरी येऊन विनयवर चिडले. पण त्यांचं बरोबर होतं. पप्पांच्या हाताखाली मी इतकंच शिकले होते की हुशार पोराला जास्त पेपर द्यायचे आणि कमी वेळ द्यायचा.

तेव्हा मनानं घेतलं की हे नीट शिकायचं. आणि इथून पुढचा भाग खास तुमच्यापैकी त्या बायांसाठी, ज्या मला मेसेज करून विचारतात, "मॅडम, गिफ्टेड मुलांना शिकवण्यावर पुढचं शिक्षण कुठं मिळतं?" खरं सांगू? शोधायला बसाल तर आधी हाती फारसं काही लागत नाही. विशेष शिक्षणाचं बी.एड. दिसलं की जीव हरखतो, पण ते दिव्यांग मुलांसाठी असतं; महत्त्वाचं आहे, पण आपलं कोडं वेगळं. साधं एम.एड. करावं तर त्यात या विषयाला एखादा ऐच्छिक पेपर, तोही शिकवायला कुणी असेल तर. मानसशास्त्रात एम.ए. पत्रव्यवहारानं करता येतं, चाचण्यांची भाषा कळते, वर्गात सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. चार-सहा महिन्यांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स पुष्कळ; मी दोन केले, त्यातल्या एकात प्रत्येक स्लाइडवर बल्ब होता. परदेशी विद्यापीठांची पूर्ण मास्टर्स डिग्री घरबसल्या करता येते, अभ्यासक्रम वाचून तोंडाला पाणी सुटतं, फी वाचून ते आटतं. माझी मैत्रीण त्या वाटेनं गेली, पहाटे उठून तिकडच्या घड्याळानं वर्गाला बसते, आणि खूश आहे. प्रत्येकाची वाट वेगळी. माझ्या सुदैवानं फरीदाबादच्या बाजूला एका विद्यापीठानं नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी शिक्षणशास्त्राचं एम.ए. काढलं होतं, शनिवार-रविवारचं, दोन वर्षांचं, आणि दुसऱ्या वर्षी प्रतिभावान मुलांचं शिक्षण हा विशेष विषय घेता यायचा. जागा थोड्या. अर्जाबरोबर एक निबंध आणि मग मुलाखत. माझं वय चाळीस. हे हुकलं तर पुढच्या वर्षी विनयची बदली ठरलेली होती, कुठे ते देव जाणे. म्हणजे मिळालं तर यंदाच.

निबंधाचा विषय होता: तुमच्या अध्यापनात ओळखायचा राहून गेलेला एक विद्यार्थी.

विषय वाचला आणि मला कांचन दिसली.

कांचन आमच्या शाळेत चौथीला होती, मी श्रीरामपुरात शिकवत होते त्या शेवटच्या वर्षी. तिच्या आईची पिठाची गिरणी होती, त्यामुळे पोरीच्या केसांत कायम थोडं पीठ असायचं. स्कॉलरशिपच्या वर्गासाठी ऑगस्टमध्ये निवड चाचणी व्हायची. पेपर पप्पांनी काढलेला, पर्यवेक्षण माझं. चाळीस मुलांतून पंचवीस निवडायची. अर्ध्या तासानं पाहते तो बाकीचे पान उलटून गेलेले, आणि कांचन चौदाव्या प्रश्नावर. रंग दिलेल्या घनाचा प्रश्न होता, तो सत्तावीस तुकड्यांचा, जो दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. मी तिच्या बाकापाशी गेले. "अगं, सोड तो. पुढे जा."

ती वर बघून म्हणाली, "बाई, आतला एक इथं नाहीये."

मी काय म्हणाले असेन? "पुढे जा" म्हणाले. ती गेली नाही. वेळ संपेपर्यंत त्याच प्रश्नावर बसली. पप्पांनी "पेन्सिली खाली" म्हटलं तेव्हा चौदाच्या पुढचा सगळा पेपर कोरा होता. निवड यादीतून तिचं नाव मी माझ्या हातानं, लाल पेननं काढलं. पप्पांनी विचारलंही नाही. तिनं खिडकीतून दोन दिवस वर्ग बघितला, मग यायची बंद झाली. डिसेंबरात मी गाडीत बसले.

हे सगळं मी निबंधात लिहिलं. आधी मराठीतून लिहिलं, कारण खरं बोलायचं तर मला आधी मराठीतच सुचतं, मग इंग्रजी करायचं. लिहिलं की कांचनचा स्वभाव परिपूर्णतेचा हट्ट धरणाऱ्या मुलांचा असावा. हा शब्द मी बल्बवाल्या कोर्सात शिकले होते. तशी मुलं एका प्रश्नावर अडून राहतात आणि चुकायला घाबरतात. आणि एक वाक्य असंही लिहिलं: माझ्या वडिलांच्या वर्गात वेग म्हणजेच हुशारी होती. ते लिहिताना हात जरा थांबला होता. पण निबंधाला धार हवी असते, नाही का?

त्याच आठवड्यात पप्पा दिल्लीत आले. आई गुडघ्यांमुळे प्रवास टाळते, ते एकटेच आले, चाळीस मेथीचे लाडू आणि स्वतःचं लाल पेन घेऊन. माझ्या वडिलांच्या समोर कुठलाही लिहिलेला कागद आला की तो तपासून होतो. वाण्याची यादी असो, लग्नपत्रिका असो. चर्चच्या वार्षिक अहवालाची तर ते दरवर्षी गुण देऊन प्रत परत पाठवतात, पाळक बिचारे ती जपून ठेवतात. मी हे विसरले. शाळेतून आले तर माझा मराठी मसुदा जेवणाच्या टेबलावर, नीट घडी घातलेला. आत चार ठिकाणी शुद्धलेखनाच्या लाल खुणा. वेगाबद्दलच्या वाक्याखाली काहीच नाही. आणि कांचनच्या वाक्याभोवती, "बाई, आतला एक इथं नाहीये", एक लहानसं लाल वर्तुळ.

पप्पा बाल्कनीत बसले होते. मी म्हटलं, "पप्पा, तो निबंध..."

"चार चुका आहेत," ते म्हणाले. आणि गप्प झाले.

ते गप्प होणं दोन दिवस चाललं. नेहाला फिरायला न्यायचे ते नेईनात. ती म्हणायची, "आजोबा, चलो ना, पार्क में." ते म्हणायचे, "उद्या." जेवताना भाकरीला नावं ठेवेनात. आमच्या घरी पप्पांनी भाकरीला नावं ठेवली नाहीत म्हणजे ताप बघायचा. दुपारी बाल्कनीत उभं राहून हळू आवाजात आईशी फोन चालायचा, मी आले की बंद. मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता. ज्या माणसानं तीस वर्षं सकाळी साडेसातला फुकट वर्ग घेतले, गिरणीवाल्यांची, हमालांची पोरं शिष्यवृत्तीला नेली, त्याच्या लेकीनं परक्या विद्यापीठात शिरायला त्याच्याच वर्गाची निंदा केली. विनय म्हणाला, "ते वाक्य काढून टाक, बिल्कुल सोपं आहे." मी म्हटलं, वाक्य खरं आहे. "मग राहू दे," तो म्हणाला. विनयचा सल्ला नेहमी असाच दोन्ही बाजूंनी उपयोगी असतो.

मी वाक्य ठेवलं. इंग्रजी करून शुक्रवारी अर्ज पाठवला. पाठवून झाल्यावर बाथरूमचा नळ सोडून रडले. प्रवेश मिळाला नाही तर एक दुःख, मिळाला तर पप्पांना दुखवून मिळालेला. दोन्हीतलं कुठलं मागावं ते मला देवापुढेही ठरवता येईना.

शनिवारी मनधरणी म्हणून त्यांना कस्तुरबा गांधी मार्गावर घेऊन गेले. तिथं आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे आणि त्याच्या कँटीनमध्ये आपल्याकडचं जेवण मिळतं. दिल्लीतल्या मराठी माणसाला घराची आठवण फार झाली की तो तिथं जातो, आणि झुणका चांगला नव्हता म्हणून कुरकुरत घरी येतो. पप्पांनी भाकरी मोडली. इतक्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात पुसून फोन बघितला, उलटा केला, मान वाकडी केली, पुन्हा उलटा केला.

"तुझ्या आईला फोटो सरळ काढता येत नाही," ते म्हणाले. दोन दिवसांनी प्रथमच कुरकुरले. मला बरं वाटलं.

मग त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "वाच."

जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो होता. त्यांच्याच अक्षरातला पेपर. दोन दिवस आई कोठीतली ट्रंक उघडून हे शोधत होती. ट्रंकेवर गव्हाची पोती होती, ती उतरवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं, म्हणून दोन दिवस लागले. फोनवरची ती कुजबुज ट्रंकेबद्दल होती.

"चौदावा," पप्पा म्हणाले.

मी मोठ्यानं वाचलं. एका मोठ्या घनाला बाहेरून सर्व बाजूंनी लाल रंग दिला. नंतर त्याचे सारखे सत्तावीस छोटे घन कापले. एकही बाजू न रंगलेले छोटे घन किती?

"उत्तर?"

"एक," मी म्हटलं. बाहेरच्या सगळ्या तुकड्यांना कुठे ना कुठे रंग लागणारच. अगदी मधला, आतला तेवढा एक कोरा राहतो.

"पर्याय वाच."

सहा. आठ. बारा. वीस.

मी पुन्हा वाचले. एक नव्हता.

आतला एक इथं नाहीये.

पप्पा खाली ताटाकडे बघत बोलले. "आदल्या वर्षी मी विचारलं होतं, तीन बाजू रंगलेले किती. त्याचं उत्तर आठ. त्या वर्षी प्रश्न बदलला आणि पर्याय तेच राहिले. घाईत. पोरांनी आदल्या वर्षीचे पेपर पाठ केलेले, सत्तावीस बघितलं की आठ. सगळ्यांनी आठ लिहिलं. मी उत्तरसूचीत आठ लिहिलं. तूही आठला बरोबरची खूण केलीस. चाळीस मुलं आणि दोन मास्तर, आणि पेपर वाचला फक्त एकीनं."

"तू लिहिलंयस, ती चुकायला घाबरून अडली. पोरी, ती अडली नव्हती. तिला उत्तर आलं होतं, ते लिहायला मी जागाच ठेवली नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "आणि तुझी ती वेगाची ओळ. ती खरी आहे. मला लागली, पण खरी आहे. दोन दिवस मी त्या ओळीवर रागावलेलो नव्हतो, एस्तू. मला ती पोर दिसत होती."

मग पुन्हा चष्मा घालून, मास्तरांच्या आवाजात विचारलं, "तेरा वर्षांत तू तरी तो प्रश्न एकदा वाचून बघितलास?"

नव्हता बघितला. मी कोर्स केले, नवे शब्द शिकले, त्यातला एक शब्द त्या पोरीला चिकटवला आणि शहाण्यासारखी निबंधात मांडून मोकळी झाले. माझ्या वडिलांनी तिला कायदा लावला होता, मी तिला नाव दिलं. ती काय म्हणाली ते दोघांनीही ऐकलं नाही. कँटीनमधल्या आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल झुणका फार तिखट आहे, कारण आम्ही बापलेक दोघंही नाक पुसत होतो. पप्पांनी सोलकढी तशीच ठेवली. अन्न टाकताना मी त्यांना प्रथमच बघितलं.

मुलाखत पुढच्या आठवड्यात झाली. पप्पा मुक्काम वाढवून राहिले. कालकाजीला मेट्रो बदलून आम्ही दोघं फरीदाबादला गेलो, ते बाहेर बाकावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या उमेदवारांना धीर देत राहिले, हिंदीत, म्हणजे त्यांना हिंदी वाटते त्या भाषेत. आत तीन जण होते. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी माझा निबंध समोर घेऊन विचारलं की ही मुलगी आज भेटली तर तुम्ही तिच्यासाठी काय कराल.

मी म्हटलं, "मॅडम, माझा निबंध चुकीचा आहे." आणि फोटो दाखवला. सगळं सांगितलं, इंग्रजी अडलं तिथं हिंदीत. त्या बाईंनी फोन हातात घेऊन प्रश्न वाचला, पर्याय वाचले, मग शेजारच्यांना दिला. त्यांनीही बोटांवर मोजलं. मग फोन परत माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं संपलं. शेवटी बाई म्हणाल्या, "आणि हा पेपर काढणारे तुमचे वडील, त्यांनी स्वतः ही चूक शोधली?" मी म्हटलं, हो, बाहेर बसलेत. "उनको अंदर बुलाइए," त्या म्हणाल्या, "चाय पीकर जाएँगे."

मला प्रवेश मिळाला. पप्पांना चहा मिळाला आणि त्या विभागाच्या माहितीपुस्तिकेत सात चुकाही.

आता माझे शनिवार-रविवार मेट्रोत आणि वर्गात जातात. वर्गात आम्ही बावीस शिक्षक आहोत, कुणी पलवलचे, कुणी नोएडाचे, सगळे आपापले डबे घेऊन येतो. काय शिकतो असं तुम्ही विचाराल. पुष्कळ शिकतो: चाचण्या कशा वाचायच्या, त्या कुणाला वगळतात, ज्या घरात पुस्तकं नाहीत तिथली बुद्धी कशी ओळखायची, पुढच्या इयत्तेचं शिकवणं आणि खोलात शिकवणं यांत फरक काय. सगळं कामाचं आहे. पण प्रत्येक व्याख्यानात मला वहीच्या कोपऱ्यात एक घन काढायची सवय लागली आहे.

पप्पा परत गेले आणि तिसऱ्या दिवशी गिरणीवर गेले. कांचन आता चोविशीची आहे, आईबरोबर गिरणी तीच चालवते. मी फोनवर विचारलं, काय बोललात? ते म्हणाले, "पेपर दाखवला. म्हटलं, बाळ, तुझं बरोबर होतं, माझा पेपर चुकला होता."

"मग?"

"आधी गिरणी बंद केली तिनं. आवाजात ऐकू आलं नाही म्हणाली. पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, सर, मला वाटायचं मीच मठ्ठ. त्या दिवसानंतर मी कुठं अडून बसले नाही, सर. जे समोर आलं ते करत पुढे गेले."

आमचा कायदा ती पोर आमच्यापेक्षा जास्त पाळत होती. हे मी इथं लिहिते आहे कारण तुमच्यापैकी प्रत्येकीच्या यादीत अशी एक कांचन असेल, आणि ती कुठं आहे ते तुम्हाला बहुधा माहीत असेल. जाऊन या. चहा तरी मिळेल.

आमचं असं झालं की कांचन आता रविवारी दुपारी, गिरणीची सुट्टी असते तेव्हा, आमच्या ओट्यावर येते. पप्पा आसपासच्या पोरांना कोडी घालतात. गजराचं घड्याळ आई आत नेऊन ठेवते, म्हणजे पप्पांचा हात वळवळू नये. आणि पप्पांनी काढलेला प्रत्येक कागद आधी कांचनकडे तपासायला जातो. "परवा तीन चुका काढल्या कार्टीनं," ते मला सांगत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, आणि इतका आनंद मी त्यांच्या आवाजात निळ्या फलकावर माझं नाव लागलं तेव्हाही ऐकला नव्हता. तिला बाहेरून बी.ए.ला बसवायचं चाललं आहे. ती म्हणते बघू. मी घाई करत नाही.

मागच्या आठवड्यात माझ्या प्रबंधिकेचा आराखडा द्यायचा होता आणि मला एक ओळ सुचेना. विनयच्या बदलीचा कागद आला होता, नेहा नव्या शाळेवरून भांडून बसली होती. वर्ष पुरं होईपर्यंत मी आणि नेहा इथंच राहायचं की काय, काही ठरेना. मी बेलापूरला फोन लावला. हो, मी आता घराला बेलापूर म्हणते, गाडी तिथंच थांबते ना. पप्पांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. अडलं तर सोडून पुढे जा."

पलीकडे ओट्यावरच्या पोरांचा गलबला ऐकू येत होता, आणि त्यात कांचनचा आवाज, कुणाला तरी विचारत होती, तुला काय दिसतंय ते सांग आधी.

"नाही," पप्पा म्हणाले. "अडलंय ना? मग बस तिथंच. घाई कुणाला आहे? मी फोन धरून बसतो."

आणि ते खरंच बसले. मी क्वार्टरच्या खोलीत कोऱ्या कागदापुढे, ते श्रीरामपुरात ओट्यावर, फोन कानाला. दोघंही काही बोललो नाही. माझं घर आता एवढंच आहे, आणि मला ते पुरतं.